अर्डिसबाईंची भिंत

अर्डिसबाईंच्या मोटारहोमची, म्हणजे चाकांवरच्या घराची, एक अख्खी भिंत, सोफा, शेगडी आणि फ्रीज यांच्यासकट, बटण दाबलं की तीन फूट बाहेर सरकायची. मग आत पंगत बसेल एवढी जागा. भिंत आत घेतली की उरायचा नुसता बोळ. त्यातून आडवं चालायचं आणि फ्रीज विसरायचा. नवरा मर्ल म्हणायचा, "बाहेर असली की बंगला, आत असली की बस." बसचं बाईंना वावडं नव्हतं. नेब्रास्कात त्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती.

भिंतीचं सगळं मात्र मर्ल बघायचा. कडांची रबरं पुसणं, छतावरचा कचरा झाडणं आणि निघताना अठ्ठावीस कलमांची यादी मोठ्यानं वाचणं. जानेवारीत, इथे ॲरिझोनाच्या वाळवंटातच मर्ल गेला. मार्चमध्ये मुलगी जोलीन विमानानं आली, ती गाडी विकायचं ठरवूनच.

"आई, ओमाहात माझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा आहे. त्याच्या भिंती जागच्या जागी राहतात."

"शनिवारी भिंत मी एकटीनं आत घेतली तर मी गाडी घेऊन उन्हाळ्यापुरती उत्तरेला, थंडाव्याला जाणार. नाही जमलं तर तुझा फ्लॅट."

शनिवारी बाईंनी यादी वाचली, गाडी समतल केली आणि बटण दाबलं. भिंत बोटभर आली, कण्हली आणि थांबली.

आवाज ऐकून अशाच गाड्यांच्या त्या तळावरचे निवृत्त पुरुष आपापल्या खुर्च्या घेऊन आले. तपासणी बसूनच सुरू झाली.

"मोटर गेली," एक म्हणाला.

"मी मर्लला सांगितलं होतं," शेजारचा हार्लन म्हणाला, "अख्खी भिंत नको, छोट्या दोन घे. एक अडकली तरी दुसरी आत येते."

"तुझ्या दोन्ही गळतात, हार्लन," पहिला म्हणाला.

"गळतात, पण येतात. अर्डिस, बटण दाबून धर."

बाईंनी उलट बोट काढलं. कुरकुरणाऱ्या बसवर त्यांनी कधी जोर केला नव्हता. पुन्हा हळूच दाबून त्यांनी कान दिला. कण्हणं शेगडीच्या बाजूनं येत होतं. तिथे त्यांची गोधडी टांगलेली होती. ती उचलली, तर मागे दांडी. तिचं एक टोक सरकत्या भिंतीला, दुसरं स्थिर भिंतीला, दोन्हीकडे भक्कम स्क्रू. नाताळात मर्लनं हौसेनं ठोकून दिलेली.

"बाबांनी?" जोलीन म्हणाली. "अठ्ठावीस कलमांवाल्या बाबांनी?"

"दोन महिने एका जागी राहिला ना. गाडीला घर समजला बिचारा." बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

जोलीननं स्क्रूड्रायव्हर उचलला.

"एकटीनं म्हटलंय मी."

तिनं तो आईच्या हातात दिला आणि गोधडी तेवढी सांभाळली. शेवटचा स्क्रू निघाला, बटण दाबलं, आणि भिंत शहाण्या मुलासारखी आत येऊन बसली. हार्लननं खुर्ची मिटली.

"आई, माझी बॅग?"

"बेडरूमच्या कपाटात. त्याचं दार भिंतीनं अडवलंय. आता भिंत बाहेर काढल्याशिवाय हाती लागायची नाही."

"मग काढ ना."

"काढू की. फ्लॅगस्टाफला. तिथूनही विमान मिळतं."

 जोलीन चालकाशेजारच्या सीटवर बसली, यादी मांडीवर घेतली आणि खाली लिहिलं: एकोणतीस, दांड्या.

"वाच आता पहिल्यापासून," अर्डिसबाई म्हणाल्या. "मोठ्यानं."