डावा कोपरा

हे मी आईला सांगितलं नाही, बायकोला नाही, दारू चढलेली असताना मित्रांनाही नाही. तुला सांगतोय. का? — ते विचारू नकोस. ऐक फक्त.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विक्रोळीची आमची शाळा, मागे लाल मातीचं मैदान आणि मैदानापलीकडे कारखान्याची भिंत. मी नववीत. आणि त्याच वर्गात सुऱ्या — दोनदा नापास झालेला, मिशी फुटलेला, पंजा फावड्याएवढा. त्याला मीच का सापडलो? काय माहीत. कुणीतरी सापडायचंच, मी सापडलो. मुतारीत मानगूट धरून भिंतीवर डोकं आपटायचा. कंपासचं टोक मांडीत खुपसायचा — हाफपँटच्या आत, म्हणजे दिसायला नको. डबा मातीत पालथा करायचा आणि म्हणायचा, खा. मी खायचो. रक्ताचे डाग आई धुवायची, तिला मी सांगायचो, कबड्डीत खरचटलं. ती विश्वास ठेवायची. आमच्या चाळीत कबड्डीत न खरचटलेला पोरगाच नव्हता.

त्या वर्षी गुरुनाथ आला. थेट मालवणकडून, मामाकडे शिकायला. तो बोलायला लागला की वर्ग फिदीफिदी हसायचा. माझी आई घरी तस्संच बोलायची — पण शाळेत मी मालवणीचा एक शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो. तरी त्याने मला कसं ओळखलं, देव जाणे. मधल्या सुट्टीत शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू आमचोच मा रे?" मी डबा उचलून दुसऱ्या बाकावर गेलो. तरी रोज येऊन बसायचा, येडा.

आणि एक दिवस सुऱ्याने कंपास काढला, तेव्हा या गुरुनाथने त्याचं मनगट धरलं. धरलं ते सोडलंच नाही. होड्या ओढलेले हात होते ते. सगळ्या वर्गासमोर सुऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कंपास खाली पडला. मला काय वाटलं असेल? आभार? छे — भीती वाटली. आता याचं उट्टं माझ्यावर निघणार, एवढंच सुचलं.

तसंच झालं. शाळा सुटल्यावर सुऱ्याने मला कारखान्याच्या भिंतीशी गाठलं. माझी करंगळी मागे वाकवत वाकवत नेली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "उद्या कबड्डीत त्याचा पाय. नाहीतर तुझा हात. बोल." मी हो म्हणालो. फार वेळही लावला नाही.

आता कबड्डी तुला ठाऊकच आहे. चढाई करणारा एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत येतो. त्याचा दम चालू आहे तोवर त्याला दाबून धरायचं. दम सुटला की तो बाद, आणि सगळ्यांनी तिथल्या तिथे सोडायचं. म्हणजे काय — दम चालू असेपर्यंत अख्खा संघ एका पोरावर पडला तरी पीटीचे सर शिट्टी फुंकणार नाहीत. मुतारीत लपून करायचं ते इथे सरांच्या डोळ्यांदेखत चालायचं. आणि गुरुनाथचा दम! खाडीत बुड्या मारून कमावलेला. संपायचाच नाही.

मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो, घोटा पकडायला. सुऱ्याची टोळी आज आपल्यावर टपलीय हे गुरुनाथला कळलं होतं. खेळाआधी तो माझ्याकडे आला. "कोपऱ्यात तू आसस मा? माका सोडशीत मा?" आणि मी — शाळेत पहिल्यांदाच — आईच्या बोलीत म्हणालो, "सोडतलंय रे." काय खूश झाला! मी मालवणी बोललो म्हणून.

तो आला. उजवीकडे सुऱ्या होता, म्हणून सरळ माझ्याकडे वळला, अगदी बिनधास्त. मी घोटा धरला. बाकीचे वरून कोसळले. कुणी त्याच्या पाठीत गुडघा घातला, सुऱ्याने मानेवर कोपर रोवून तोंड मातीत दाबलं. मातीतूनही त्याचं कबड्डी कबड्डी चालूच. त्याने कशीबशी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं धरून भागलं असतं रे. सुऱ्याला नंतर काहीतरी थाप मारता आली असती. मी पाऊल दोन्ही हातांत घेऊन पिरगाळलं. आणखी पिरगाळलं. ओली काठी मोडावी तसा आवाज झाला, आणि खरं सांगू? — मला मजा आली. वर्षभर खाल्लेला सगळा मार मी त्या पावलावर काढला.

सर धावत आले. पाऊल भलतीकडे तोंड करून पडलं होतं. सरांनी एकेकाला विचारलं. मला दोनदा विचारलं, कारण वर्गातली गरीब गाय मीच. मी म्हणालो, सर, खेळात लागतंच. मग त्यांनी गुरुनाथला विचारलं. त्याच्या तोंडात माती, दातांवर रक्त. "खेळताना लागला," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

प्लास्टर निघालं तरी पाय सरळ झाला नाही. मामाने त्याला गावी धाडून दिलं. त्याला होडीत उभं राहता येत नाही, हे आईला गाववाल्यांकडून कळलं. आई हळहळली. मी जेवत होतो, जेवत राहिलो. सुऱ्याने मला परत कधी हात लावला नाही, उलट खांद्यावर हात टाकून फिरायचा, झकास पकड आहे याची म्हणायचा. दहावीत असताना आठवीतलं एक पोर मुतारीत मीच धरलं. कंपास माझाच होता.

एक राहिलं. तेच सांगायचं होतं, बाकी सगळा वेळ मी त्याच्याभोवतीच फिरत होतो. गुरुनाथने दम सोडला असता — नुसता क्षणभर गप्प झाला असता — तर तो बाद, आणि आम्हाला त्याला सोडावंच लागलं असतं. हे त्याला माहीत नव्हतं का? माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अंगावर अख्खी टोळी, तोंडात माती, तरी म्हणत राहिला, कबड्डी, कबड्डी. कारण पाय माझ्या हातात होता, आणि सोडतो असं मी म्हणालो होतो. मी सोडेन म्हणून तो दम धरून होता.