भिंतीतला पंपाचा वाटा

कंपनं मोजण्यात बाईंची एकवीस वर्षं गेली होती, पण एवढ्या त्या कधी भडकल्या नव्हत्या.

पाणी उपसण्याच्या केंद्राला लागून शिंपीणबाईंची खोली. भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडलेली. केंद्राच्या साहेबांनी तक्रार उडवून लावली, "समोरून ट्रक जातात, त्यांना सांगा!"

बाईंनी तीन ठिकाणी यंत्रं लावली: पंपाच्या पायाशी, रस्त्याच्या कडेला, भेगेजवळ. आठवडाभर नोंदी घेतल्या. मग पंप ज्या लयीत ठोके देतो, त्या लयीत पंपाची आणि भिंतीची कंपनं कितपत जुळतात ते काढलं. मुळीच नाही म्हणजे शून्य, तंतोतंत म्हणजे एक. उत्तर आलं, शून्य पूर्णांक सहा.

"म्हणजे धड जुळत नाहीत," साहेब म्हणाले. "लिहा, संबंध नाही."

"धड जुळत नाहीत म्हणजे जुळतच नाहीत असं होतं का? भिंतीत पंप आहे, आणखीही काही आहे!"

"अहो, ट्रक गेला की आमचा पंपही हलतो आणि भिंतही. म्हणून दोन्ही सारखी दिसतात."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यात जास्त चीड याची, की शंका रास्त होती. त्या तणतणत परत आल्या आणि पंप व भिंत, दोन्हींच्या नोंदींतून रस्त्याशी जुळणारा भाग वजा केला. तरी अर्धं जुळणं उरलंच. त्यात ट्रकचा हात नव्हता.

कागद घेऊन गेल्या, तर साहेबांचा अहवाल तयार: 'संबंध नाही.' खाली बाईंच्या सहीपुरती जागा. बाईंनी तो टराटरा फाडला.

"तुमचा जादा पंप पार पलीकडच्या टोकाला गंज खात पडलाय ना? तो चालवा. हा तासभर बंद. आणि तुम्ही चला माझ्याबरोबर."

सकाळी दहा वाजता साहेब भिंतीला तळहात लावून उभे होते. पंप थांबला. शिंपीणबाईंच्या डबीतल्या टाचण्यांची अखंड कुरकुर बंद पडली. तेवढ्यात ट्रक गेला, टाचण्या खुळखुळल्या.

"बघा! ट्रकचं काय?" साहेब उसळले.

"ट्रकचं मी बघते. तुमच्या वाट्याचं तुम्ही निस्तरा!"

दोन महिन्यांनी पंपाखाली जाड रबरी गाद्या आल्या. बाई भेटायला गेल्या.

"थांबलं का हो?"

"निम्मं," शिंपीणबाई म्हणाल्या.

बाईंनी दातओठ खात यंत्राची पेटी उचलली आणि तशाच रस्तेखात्याच्या कचेरीत जाऊन धडकल्या.