तोंडातले स्क्रू

माझ्या धाकट्या दिरांइतका मायाळू माणूस साऱ्या धाड गावात सापडणार नाही, फक्त ती माया मिळायला कॉम्प्युटर होऊन बंद पडावं लागतं. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुरुस्तीचं दुकान. आलेल्या कॉम्प्युटरची पेटी ते माझ्या कणकेच्या परातीत उघडत, निघालेले स्क्रू ओठांत धरत आणि ओठांत न मावणारे माझ्या मसाल्याच्या डब्यात, जिऱ्याच्या वाटीत टाकत. मी कुरकुरले तर म्हणत, "जिऱ्याहून मोठे हायेत वहिनी, दिसतीन तुमाले." एकदा स्क्रू तोंडात गेले की जेवायला बोलवा, आग लागली म्हणा, नाकातून नुसता हुंकार.

ज्या पेटीत दोन-तीन हार्ड डिस्क असत, तिच्यावर त्यांचा विशेष लोभ. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं याचाच पेटीला गोंधळ होतो म्हणे. मग बाकीच्यांच्या वायरी काढून ते एकेकीला विचारत, "काऊन वं बाई, तू नाहीस का? बरं, बस बाजूले." आमच्या घरात इतक्या गोडीनं कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

माझे मालक वारले आणि माझं त्या घरात राहणं या दिरांच्या एका शब्दावर आलं, कारण सासूबाई फक्त त्यांचं ऐकत. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकानाच्याच कॉम्प्युटरमधली जुनी, रिकामी डिस्क काढून टाकली. सारं काम नवीत होतं, तरी पडदा काळाच. बराच वेळ झटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. नवी बसवताना जुनी जोडलेलीच होती, म्हणून सुरू होण्यापुरतं सामान जुनीतच जाऊन बसलं होतं. जुनी परत लावली, पडदा उजळला. "नाही काढत आता तुले," ते तिला म्हणाले. "राह्य तुह्या जागी."

ते पेटी बंद करायला बसले, तोच सासूबाई बाहेर आल्या. "हिचं आता इथं काय काम हाय? जाऊ दे दुसरबीडले भावाकडे. काय रे, बराबर हाय ना?"

मला जायचं नव्हतं. चारचौघांत तोंड उघडणं मला कधी जमलं नाही. मी दिरांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांत स्क्रू होते. त्यांनी ते काढले नाहीत. नाकातून हुंकार आला.

जीपच्या टपावर माझी ट्रंक त्यांनीच चढवली, दोरी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

दुसरबीडला पहिली फोडणी घालताना, सोबत आणलेल्या माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या जिऱ्यात एक स्क्रू निघाला. दिसला खरा. भावजय म्हणाली, "फेका न ताई." मी तो परत वाटीत ठेवला. धाडला एखादी पेटी त्याच्यावाचून खडखडत असेल. आणि दिरांच्या तोंडात तेवढा एक तरी कमी असेल.