आखणीची टेप
शाडूच्या ओल्या मातीचा वास आला की मला जोहे गावातला आमचा गणपतींचा कारखाना आणि माझा पहिला कॅमकॉर्डर आठवतो. बाबांचा हात कापायला लागला होता. डोळ्यांची आखणी यंदा शेवटचीच, असं ते म्हणाले, म्हणून ती टिपायला मी रोह्याहून एसी गाडीने आले. कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर थेंबाची खूण येऊन तो बंदच पडला. एसीत गार पडलेल्या कॅमेऱ्यात दमट हवेचं पाणी धरलं होतं. टेपला हात न लावता तो सुकू द्यायचा, असं माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं. बाबांनी ब्रश खाली ठेवला. “थांबतो गो मी. गणपतीला कुठं जायचं हाय?” बऱ्याच वेळाने खूण गेली, लाल दिवा लागला, आणि बाबांनी श्वास रोखून दोन्ही डोळे आखले. मग छोट्या पडद्यावर त्यांनी स्वतःचा हात बघितला, पुन्हा लावायला सांगून पुन्हा बघितला. “रेघ वढताना कापत नाय गो,” ते हळूच म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी आखणी केली. ती टेप लावायला आता माझ्याकडे काही नाही, पण तिचं काम त्याच दुपारी झालं होतं.