टाकीचा बोल्ट, तागडीचा पासंग

आमच्या शेजारच्या सहादेवतात्यांना काष्टीत कुणी घरी बोलावत नाही, तरी ते येतात. येताना खिशात एक नट असतो आणि हातात पाना. आल्यावर माणसाकडे नंतर बघतात. आधी फाटकाकडे, गव्हाणीकडे, हातगाडीच्या चाकाकडे. तुम्ही चहाचं विचारता आणि तात्या गुडघ्यावर बसून तुमच्या गोठ्याच्या दाराचा बोल्ट तपासत असतात. अशा माणसाला पुढच्या वेळी चहाचं कोण विचारील?

तात्यांची सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली. माणूस दिसला की यानं तिकीट काढलं नसणार, इथूनच त्यांचा विचार सुरू होतो. रिटायर झाले, पण ती नजर डेपोत जमा करायची राहून गेली. घरात पोहे उरले तरी कुणी खाल्ले नाहीत आणि का, याची चौकशी होते. सुकन्यावहिनी, म्हणजे त्यांची बायको, माहेरी गेली की पंधरवडा काढते, आणि परत येते ती चेहरा उजळून.

असल्या माणसाच्या वाट्याला घरच्या वाटणीत अजिनाथनानांची बुलेट आली. नाना म्हणजे तात्यांचे चुलते, दिलदार गडी. साठच्या दशकातली ती गाडी घेऊन शनिवारच्या बाजारात आले की बैल बुजायचे आणि नाना हसायचे. नाना गेले आणि गाडी गोठ्याच्या मागं बाभळीखाली उभी राहिली, ती बरीच वर्षं. या वर्षांत ती हळूहळू गावात पांगली. कुणाला दाराला बोल्ट लागला, कुणाला औताला, कुणाला पाण्याच्या मोटारीला. जो तो आला आणि फिरवून घेऊन गेला. चोरी केली असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्या भागात उघड्यावर गंजत पडलेलं लोखंड सार्वजनिकच असतं.

तात्यांनी गाडी बाहेर काढली, धुतली, आणि जिथं जिथं बोल्ट नव्हता तिथं तिथं खडूनं फुली मारली. फुल्यांनी गाडी देवी आल्यासारखी दिसायला लागली. नगरच्या दुकानांत हिंडून आले, तर तिथं आजच्या मापाचे बोल्ट. ही गाडी जुन्या इंची मापाची. आटे बारीक, इतके बारीक की आजचा नट त्यावर दोन फेरे जातो आणि अडकतो. पंक्चरवाल्या परवेझनं सांगितलं की पुण्याच्या जुन्या बाजारात असला माल मिळतो, माझा मावसभाऊ आणून देईल. तात्या म्हणाले, माझेच बोल्ट चोरांनी नेले आणि मी दुसऱ्या चोरांकडून विकत घेऊ काय?

तेव्हाच कळलं, तात्यांना गाडी चालवायची घाई नाही. त्यांना चोर पकडायचे आहेत.

पहिला बोल्ट परवेझकडेच सापडला, हवेच्या टाकीच्या पायाला. तात्यांनी तिथल्या तिथं काढला. टाकी कलंडली आणि परवेझचं त्या दिवसाचं दुकान झोपलं. दुसरा गोरक्षनाथच्या गव्हाणीला; म्हैस सुटली आणि लसणाच्या वाफ्यात जेवून आली. तिसरा माझ्या फाटकाला. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येतो तर फाटक रस्त्यावर आडवं आणि तात्या नट फिरवून बघतायत. मी म्हटलं, तात्या, फाटकाचं काय? ते म्हणाले, फाटक तुझंच आहे, बोल्ट माझा आहे. माझं फाटक आजही तारेनं बांधलेलं आहे आणि पाहुणे मला कंजूष समजतात.

अशा रीतीनं गाडी भरत गेली आणि गाव रिकामं होत गेलं. राहिला एक बोल्ट. पेट्रोलची टाकी गाडीच्या सांगाड्याला पुढून धरून ठेवणारा, बोटापेक्षा जरा लांब, माथा लहान आणि जाड. तो नसेल तर टाकी मांड्यांत डुलते. लेथवाल्याकडून एक करून घेतला, तर पहिल्याच आवळणीला आटे सोलून निघाले. तात्यांनी लेथवाल्यालाही चोरांच्या यादीत घातलं.

आणि मग एका शनिवारी तो बोल्ट त्यांना दिसला. बनुबाईच्या तागडीला लटकलेला.

बनुबाई बाजारात सुकट-बोंबील विकते. शेजारच्या पालांवर वजनाचे लाल आकडे लुकलुकतात, पण हिच्याकडे अजून हातात धरायची तागडी. तिचं एक पारडं पितळी. दुसरं कधीतरी चेंबून फुटलं तेव्हा तिनं ॲल्युमिनियमचं बसवलं. ते हलकं, म्हणून त्या बाजूला पासंग बांधला, आणि तो पासंग म्हणजे हा बोल्ट. रिकामी तागडी उचलली की दांडीवरचा काटा बरोबर मध्यात. गिऱ्हाइकाला शंका आली तर ती आधी रिकामी तागडी दाखवायची, मग माल घालायची. तिचा सगळा धंदा त्या मधल्या काट्यावर.

तात्या पालासमोर जाऊन उभे राहिले. बायकांची गर्दी होती. त्यांनी खिशातला नट काढला, हात लांब करून लटकत्या बोल्टावर टेकवला आणि फिरवला. नट लोण्यात गेल्यासारखा शेवटपर्यंत गेला.

"हा आमच्या गाडीचा हाय," तात्या म्हणाले. "चोरीच्या मालावर तागडी चालवती काय?"

बनुबाईनं सांगितलं की पारडं फुटलं त्या शनिवारी अजिनाथनाना सुकट घ्यायला उभे होते, आणि त्यांनीच गाडीच्या डिकीतला एक जादा बोल्ट काढून दिला. तात्यांनी विचारलं, साक्षीदार कोण? साक्षीदार नाना, आणि नाना तर गेलेले. मग तात्या जरा मोठ्यानं बोलले, जसा बोल्ट चोरीचा, तशी मापातही चोरीच असणार. बनुबाईनं सुतळी दातानं तोडली आणि बोल्ट त्यांच्या पायाशी फेकला.

तात्या खुशीत निघून गेले. पण इकडं पासंग सुटला आणि पितळी पारडं धाडकन खाली बसलं. समोरच्या बायकांनी ते बघितलं. पासंग काढल्यावर पारडं खाली जाणारच, हे त्यांना घरी बसून शांतपणे कळलंही असतं. पण बाजारात शांतपणे कोण विचार करतो? एकीनं पिशवी मागं घेतली. दुसरी म्हणाली, तरीच मेले बोंबील घरी जाऊन कमी वाटायचे. बनुबाईनं दुसऱ्या दिवशी दगड घासून घासून वजनाला आणला आणि बांधला, काटा पुन्हा मध्यात आला, पण बघायला समोर कुणी नव्हतं. पुढच्या शनिवारी बायका लाल आकड्यांच्या पालावर. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आमच्या घरातून सुद्धा पिशवी तिकडंच गेली. बनुबाई सुकटीवरच्या माश्या वारत बसायची, आणि जाणारे-येणारे तिच्याकडं असे बघायचे की जणू आपण एवढी वर्षं फसलो.

महिन्याभरानं तात्यांची गाडी चालू झाली. शनिवार गाठून, काळ्या रंगात चकाकणारी बुलेट घेऊन ते बाजारात आले. चोरांना दाखवायचीच होती. पालांच्या गल्लीत शिरले आणि बनुबाई तागडी घेऊन पुढच्या चाकासमोर उभी राहिली.

"उतर," ती म्हणाली.

"बाजूला हो बनुबाई. ब्रेक अजून जमले न्हाईत."

"मग तर उतरच."

गाडी बंद पडली. माणसं जमली. परवेझ ट्रॅक्टरचं टायर ढकलत आला आणि नेमकं तात्यांच्या मागं आणून आडवं टाकलं. म्हणाला, दमलो, जरा बसतो. गोरक्षनाथही आला, आणि मीही होतो, जरा पुढंच.

"बोल्ट न्हेलास त्याचं काय न्हाई," बनुबाई म्हणाली. "पन तवापासनं लोक म्हनत्यात, बनुबाई मापात मारती. आता तो बोल्ट काढ, तागडीला लाव, आन् समद्यांना दाखव."

"आन् काटा मध्यात न्हाई आला तर?"

"तर मी ह्या बाजारात परत बसनार न्हाई."

दुसरा कुणी असता तर गाडी वळवून घरी गेला असता. पण तात्यांचा चेहरा फुलला. बनुबाई मापात मारते याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती, आणि आता सगळ्या बाजारासमोर चोर पकडायची संधी चालून आली होती. पाना खिशातच होता. त्यांनी स्वतःच्या हातानं टाकीचा बोल्ट काढला. तागडीचा दगड सोडवून बनुबाईनं तिथं बोल्ट बांधला. तागडी मात्र मी धरणार, तात्या म्हणाले. हिच्या बोटात काय कळा आहेत कुणास ठाऊक. धर की, ती म्हणाली.

तात्यांनी तागडी उचलली. पारडी जरा झुलली आणि थांबली. काटा मध्यात.

तात्या म्हणाले, वारा आहे. आडोशाला गेले. काटा मध्यात. पारड्याला सुकट चिकटली असेल म्हणाले, धोतराच्या सोग्यानं पारडी पुसली. मध्यात. हात बदलला. मध्यात. शेजारच्या पालावर आता धूळ खात पडलेलं किलोचं माप एका पारड्यात आणि बनुबाईचं दुसऱ्या पारड्यात ठेवून बघितलं, मग मापं इकडची तिकडं केली. काटा जागचा हलेना. एवढी तपासणी सरकारी माणूसही करणार नाही, आणि ती सगळी गर्दीच्या डोळ्यांसमोर. शेवटी पिशवी मागं घेणारी तीच बाई पुढं झाली आणि म्हणाली, मावशी, अर्धा किलो दे.

तात्यांनी बोल्ट मागितला.

"गिऱ्हाईक हाय," बनुबाई म्हणाली. "मागं सर."

"नट माझा हाय. बोल्ट बसतो त्याच्यात."

"नट तुझा, घेऊन जा. हा तागडीचा हाय. आत्ता तूच समद्यांना दावलंस."

कुणी तात्यांची बाजू घेतली नाही. घेणार कोण? परवेझ टायरवरून उठला, तो सुद्धा तात्यांना तीनदा म्हणावं लागल्यावर. टाकी दोरीनं बांधून तात्यांनी गाडी ढकलत घरी नेली, आणि वाटेत प्रत्येक फाटकाकडं पुन्हा एकदा बघितलं.

आता ते भंगारवाल्यांकडं जातात. खर्ड्यापर्यंत जाऊन आले, राजूरच्या बाजारातही हिंडले. प्रत्येक ठिकाणी खिशातला नट लावून बघतात आणि भांडून परत येतात. दर शनिवारी मात्र न चुकता बनुबाईच्या पालावर हजर. घेत काही नाहीत. रिकामी तागडी दाखव म्हणतात. बनुबाई दाखवते. तात्या डोळे बारीक करून काट्याकडं बघतात, खाली वाकून पारडी बघतात, लटकलेल्या बोल्टाला बोट लावतात, आणि काही चूक सापडली नाही म्हणून चरफडत निघून जातात.

बाहेरगावची माणसं हे बघतात. एवढा खत्रूड म्हातारा एवढं तपासून काही बोलला नाही, म्हणजे इथं माप चोख असणार, असं म्हणून ती तिथंच पिशवी उघडतात. बनुबाईच्या पालावर आता रांग असते. तात्यांना यायला उशीर झाला की ती मान उंच करून रस्त्याकडं बघते, आणि ते दिसले की शेजारणीला म्हणते, आला बघ मेला, आता धंदा होतोय.