हात लावायचा नाही!

आमच्या एल्मास आत्याला एका जागी स्वस्थ बसलेली मी जन्मात पाहिली नाही. भाकरी भाजताना एक पाय दारात, ताक घुसळताना नजर डोंगरावर. "कोण आलं गं? कुत्रं का भुंकलं?" आमची कांगाल जातीची, मेंढ्या राखणारी कुत्री उगाच भुंकत नाहीत, हे तिच्याइतकं तुर्कस्तानातल्या या सिवासच्या अख्ख्या पठारावर कुणाला ठाऊक नसेल. तरी विचारायची. मुलगा जर्मनीला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हापासून तर फारच.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र बाई कडक. पिलं चालायला लागली की त्यांची रवानगी मेंढ्यांच्या गोठ्यात. जवाचं पीठ ताकाच्या गरम निवळीत कालवून परात ठेवायची आणि पाठ फिरवायची. गोंजारणं नाही, घरात घेणं तर नाहीच. "हात लावायचा नाही! मेंढ्या हेच त्याचं घर. माणसाच्या हाताची चटक लागली, की कळप सोडून दारात येऊन बसेल." लहानपणी मी एका पिलाला मांडीवर घेतलं, तर डाव फेकून मारला होता माझ्या अंगावर. आणि बाबांचा लाडका कुत्रा एकदा कळपातून घरी आला, तर त्याच दिवशी तिनं त्याला गिरणीवर राखणीला धाडून दिला. बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

तर गेल्या जूनची गोष्ट. बाबा कळप घेऊन वरच्या कुरणात होते. दुपारी मेंढ्या एकमेकींच्या सावलीत डोकं घालून उभ्या राहतात, तेव्हा बाबा तासभर आडवे होतात. कळपाच्या एका बाजूला म्हातारी जेलान कुत्री, दुसऱ्या बाजूला तिचाच दोन वर्षांचा पोर, दुमान. काळ्या तोंडाचं पासष्ट किलोचं धूड. लांडगा असो की अस्वल, मागे हटायचा नाही. आणि कोकरू पाठीवर चढलं तरी हूं की चूं नाही.

त्या दुपारी मी आत्याकडे लोकर धूत होते. बघते तर दारात दुमान! गळ्यात खिळ्यांचा पट्टा, आणि एरवी पाठीवर वळलेली शेपटी खाली सोडून हलवतोय.

आत्याच्या हातातली बादली खाली पडली. "अल्ला! तिकडे कोण आहे मग?"

आम्ही धावलो. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखरे, पण मला मागे टाकलं तिनं. दुमान आपला तिच्या पायात पायात. चढावर ती एकदम थांबली, धापा टाकत म्हणाली, "मीच केलं गं हे."

"काय केलंस?"

"हा जन्मला त्या हिवाळ्यात याची भावंडं गारठून मेली. हा एकटा कुंई कुंई करत होता. घरात घेतला. चुलीपाशी, मांडीवर. महिनाभर हातानं भरवलं."

"तू? आत्या, तू?"

"घर खायला उठायचं, पोरी! आता चल, तोंड काय बघतेस!"

मला संताप आला. डाव आठवला, गिरणीवरचा कुत्रा आठवला. पण बोलायला श्वास कुठे होता!

वर पोचलो तर चार मेंढ्या फाडलेल्या. लांडगे दुमानच्याच बाजूनं आले होते. जेलाननं त्यांना हाकललं, पण तिचा मागचा पाय कामातून गेला होता. बाबा तिची जखम धूत बसले होते. त्यांनी दुमानकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"अक्का, हा घरी आला होता?"

आत्यानं सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. "धाड याला गिरणीवर. नियम माझाच आहे."

"आणि कळप कोण राखणार? तुझा नियम?" बाबा ओरडले. "जेलान उठत नाही. हा टिकला नाही तर उद्या मेंढ्या खाली न्यायच्या, आणि खाली गवताची काडी नाही!"

आत्यानं पायाशी बसलेल्या दुमानकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला सोडून तो राहत नाही ना? मग मीच इथे राहते, त्याला मेंढ्यांची सवय लागेपर्यंत."

आणि राहिली की! तीन महिने, तंबूत. दिवसभर मेंढ्यांच्या मधोमध बसायची, दोन्ही हात काखेत दाबून. दुमान यायचा, गुडघ्यावर डोकं ठेवायचा. ही समोर बघत राहायची. मी भाकरी पोचवायला जायचे, मला बघवायचं नाही. एकदा न राहवून म्हणाले, "एकदा तरी फिरव गं हात."

"गप बस, भवाने! मला काय वाटत नाही होय?"

हळूहळू तो तिच्यापासून दोन हात अंतरावर बसायला लागला, मग दहा. ऑगस्टात एक मेंढी अवेळी व्याली, तर त्यानं दिवसभर तिच्यापाशी पहारा दिला. आत्याकडे फिरकलाही नाही.

सप्टेंबरात मी तिला न्यायला गेले. ती बोचकं घेऊन उतरणीला लागली. दुमान कळपाच्या कडेला उभा होता, शेपटी पाठीवर वळवून, नजर समोरच्या टेकडीवर. आत्या वळणावर थांबली. त्यानं मान वळवली नाही.

"शाबास!" ती म्हणाली.

घरी आली, चुलीपाशी बसली. पहिल्यांदाच अशी स्वस्थ. हात मांडीवर उताणे टाकले होते, आणि ती रडत होती.