चढावर थांबणारा वायपर

मालकाची ती लाल गाडी मला कधीच आवडली न्हाई. दोन माणसं बसली की भरली, वर कापडाचं छत, आणि जमिनीला इतकी खेटून की ओट्यावरची माणसं बसल्या जागेवरून आत डोकावायची. आमचे हे तिच्यावर ड्रायव्हर. बायकोनं चार हाका मारल्या तरी ऐकू यायचं न्हाई, गाडी जरा खाकरली की उठलेच!

खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात, तशी ती गाडीही पुजली. मालकाच्या आईनं काचेवर तेलात कालवलेल्या शेंदराचं हातभर स्वस्तिक काढलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं न्हाई, अशी रीत. आणि त्याच दुपारी माझ्या लेकीचा गळा आतून धरला. घटसर्प. श्वास घेताना घरघर वाजून राहिली होती. हिंगोलीच्या दवाखान्याबिगर इलाज नव्हता.

"पुजलेली हाय. उद्या न्या," मालकाची आई म्हणाली.

"माय, देव उद्याबी हाय. लेकरू राहील का?" मी म्हणाले.

तिनं तोंड फिरवलं. मालकानं किल्ली काढून दिली.

नरसी गाव मागं पडलं आणि परतीच्या पावसानं गाठलं. शेंदूर पाघळून काचभर पसरला. वायपर फिरून राहिला तोवर निभलं. चढ लागला तसा तो मधेच अडकला, समोर नुसता लाल चिखल. यांनी पाय सैल सोडला, गाडी मंदावली, वायपर हलला. पुन्हा पाय दाबला की वायपर थांबला.

माझं टाळकंच सटकलं. "गाडी हळू काहून करून राहिले? पोरीच्या जिवाशी खेळता का?"

"अगं, वायपरला वेगळा जोर न्हाई. इंजिन नळीतून हवा ओढतं, त्या ओढीवर पट्टी फिरते. चढाला पाय दाबला की ओढ संपते. पळावं तर दिसत न्हाई, दिसावं तर पळता येत न्हाई."

जळो मेलं ते यंत्र! बनवणाऱ्याच्या गावात पाऊस आणि चढ एका जागी कधी आलेच न्हाईत का?

"काचेच्या वरच्या कडेला आतून वायपरची मूठ हाय," हे म्हणाले. "ती धर अन् हातानं फिरव."

एका हातानं लेकीला छातीशी धरलं, दुसऱ्यानं मूठ फिरवायला लागले. इकडून तिकडं, तिकडून इकडं. खांदा भरून आला. यांनी पाय दाबून धरला, गाडी सुसाट निघाली. जरा खाली बघितलं की हे ओरडायचे, "समोर बघ! फिरव!" इंजिनाच्या आवाजात घरघर ऐकू येईना. मला वाटलं, पोरीला डोळा लागला. बरं वाटलं मला, खरंच बरं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरानं तिला टेबलावर घेतलं, डोळ्याची पापणी वर केली आणि मान हलवली. "बराच वेळ झाला," एवढंच बोलला.

मी यांच्याकडं वळले. हे भिंतीला टेकून उभे होते, रडतसुद्धा नव्हते.

"तुमाला कळलं होतं?"

"चढावरच. तिचा हात गिअरवर येऊन पडला. मी उचलून तुझ्या मांडीवर ठेवला, तवाच कळलं."

मी त्यांचा सदरा धरून गदागदा हलवलं. "मग गाडी कशाला पळवली? मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू मूठ फिरवून राहिली होतीस," हे म्हणाले. "तुला थांब म्हणायची माझी छाती झाली न्हाई."